रिस्टेटेड

लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानांच्या बिलांवर तळाशी बारीक टायपात काही अक्षरं छापलेली असायची. चू. भू. द्या. घ्या. लहानपणी मला ते दुकानमालकाचं नाव वाटायचं. पु. ल., ग. दि. मा. तसे हे कुणी चू. भू., आडनाव द्याघ्या. आजोबांनी हसत हसत फोड करून सांगितली, चूकभूल द्यावी घ्यावी. म्हणजे आमच्याकडून तुम्हांला जास्त लावलं गेलं असेल तर येऊन घेऊन जा, कमी लावलं असेल तर आणून द्या. चूक होऊ शकते हे बिल फाडतानाच मान्य, आणि कोणाचीही झाली तरी निस्तरायचं दोघांनी मिळून. एवढा समजूतदारपणा चार अक्षरांत बसवलेला मी त्यानंतर कुठल्या कायद्यात पाहिलेला नाही.

पुढे मी सी. ए. झाले आणि कळलं की कंपनीच्या ताळेबंदाखाली असं काही छापून मोकळं होता येत नाही. तिथे संचालक सही करतात, लेखापरीक्षक सही करतात, सर्वसाधारण सभा मंजुरी देते, आणि कागद कायमचा सरकारदरबारी जातो. मग दोन वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे, हे चुकलंय. तेव्हा काय करायचं? या प्रश्नासाठी जगभर एक प्रमाणक आहे, आंतरराष्ट्रीय लेखा प्रमाणक क्रमांक ८, म्हणजे आयएएस ८. आपल्याकडे त्याचं रूप इंड-एएस ८. (जांभई आली असेल त्यांनी चहा टाकून या. आज विषय हाच आहे.)

आधी चूक म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच गंमत आहे. मशीन दहा वर्षं चालेल असं धरून आपण घसारा लावला आणि चौथ्या वर्षी दिसलं की ते सातच वर्षं चालणार, तर ती चूक नव्हे. तो अंदाज होता, अंदाज बदलला, आता इथून पुढे नवा आकडा लावायचा. मागचं उकरायचं नाही. चूक तेव्हा, जेव्हा खरी माहिती त्या वेळी उपलब्ध होती, जरा हातपाय हलवले असते तर मिळालीही असती, आणि तरीही ती वापरली नाही किंवा भलतीच वापरली. प्रमाणकात एक फार सुंदर अट आहे, की जुन्या वर्षाचा आकडा दुरुस्त करताना आत्ताचं शहाणपण तिथे न्यायचं नाही. तेव्हा जे दिसत होतं, दिसू शकत होतं, तेवढ्यावरूनच ठरवायचं. घरोघरच्या भांडणांना ही अट लावली तर निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत, पण ते असो.

आणि चुकांची उदाहरणं देताना प्रमाणक काय काय म्हणतं? बेरजेतली चूक, धोरण लावण्यातली चूक, नजरचूक किंवा वस्तुस्थितीचा चुकीचा अर्थ, आणि लबाडी. चारही एकाच वाक्यात, स्वल्पविराम देऊन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खटकलं होतं. ज्याचा हातचा एक राहिला तो आणि ज्याने मुद्दाम खोटी बिलं बनवली तो, दोघं एकाच बाकावर? नंतर लक्षात आलं की प्रमाणकाला माणसाशी कर्तव्यच नाही. आकडा चुकला आहे का, किती, आणि कोणत्या वर्षात, एवढंच त्याला हवंय. कोणी केलं, का केलं, हे पाहायला पोलीस आहेत, न्यायालयं आहेत.

त्या बाकावरचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सत्यम. ७ जानेवारी २००९. मी तेव्हा नारायण पेठेतल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप करत होते. दुपारी ऑफिसात बातमी आली आणि एरवी चहाच्या वेळीही फाइलमधून डोकं वर न काढणारे आमचे सर खुर्ची मागे सारून उभे राहिले. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात आकडे दिले होते. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटींचा नफा दाखवला होता, खरा होता ६१ कोटी. बँकेतली शिल्लक खोटी! उधारी खोटी निघू शकते, माल खोटा निघू शकतो, पण बँक शिल्लक ही आम्हा आर्टिकल मंडळींना सगळ्यात सोपी आणि म्हणून सगळ्यात कंटाळवाणी तपासणी वाटायची. त्या वर्षी मार्चनंतर आम्हांला बँकांच्या शाखांमध्ये स्वतः जाऊन शिलकेचे दाखले आणायला पिटाळलं गेलं. उन्हातान्हात स्कूटीवरून.

पुण्याचा या प्रकरणाशी संबंध नंतर आला. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने सत्यम घेतली, ५८ रुपये शेअरने, आणि टेक महिंद्राचं मुख्यालय आपल्या पुण्यात. कर्वे रोडजवळच्या त्या इमारतीवरून मी रोज जायचे. लोक म्हणत होते, घेतलं काय यांनी हे? कारण जिचे हिशेबच ठाऊक नाहीत अशी कंपनी विकत घेणं म्हणजे अंधारात उडी. हिशेब लागायला दीड वर्ष गेलं. २००८-०९ आणि २००९-१० या दोन्ही वर्षांची पत्रकं एकदमच २९ सप्टेंबर २०१० ला बाहेर आली. २००८-०९ चा तोटा निघाला आठ हजार कोटींहून जास्त.

आता इथे नीट बघा. एका वर्षात आठ हजार कोटी बुडतील एवढा सत्यमचा धंदाच नव्हता. तो तोटा त्या वर्षाचा नव्हताच. वर्षानुवर्षं फुगवलेल्या आकड्यांतली हवा एका वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात निघाली होती. याचं कारण त्या वेळी आपल्याकडे लागू असलेलं लेखा मानक ५. त्यानुसार मागच्या वर्षांची चूक सापडली की ती ‘मागील कालखंडाच्या बाबी’ म्हणून चालू वर्षाच्या नफा-तोट्यात वेगळी दाखवायची. मागची वर्षं तशीच राहणार. आंतरराष्ट्रीय प्रमाणक याच्या उलट सांगतं. ज्या वर्षाची चूक त्या वर्षाचा आकडा बदला, आणि तुलनेसाठी मागच्या वर्षाचा रकाना छापाल तेव्हा त्याच्या डोक्यावर लिहा, ‘रिस्टेटेड’. चूक त्याहूनही जुनी असेल तर सुरुवातीची राखीव शिल्लक कमी करा आणि त्या सुरुवातीच्या दिवसाचा तिसरा ताळेबंदही छापा. चालू वर्षाच्या नफ्याला हात लावायचा नाही. आयएएस ८ मध्येही पूर्वी चालू वर्षात टाकण्याची पर्यायी सवलत होती. २००३ च्या सुधारणेत ती काढली.

फक्त एक पळवाट ठेवली आहे, आणि ती रास्त आहे. सगळे प्रयत्न करूनही कोणत्या वर्षात किती चूक हे ठरवता येत नसेल तर जितकं मागे जाता येईल तितकंच जा. सत्यमच्या बाबतीत तर काही गोष्टींचा उलगडाच होईना. ३७ कंपन्यांनी आपण सत्यमला पैसे दिल्याचा दावा केला होता, सुमारे १,२३० कोटींचा. ती रक्कम ‘चौकशी प्रलंबित’ अशा सस्पेन्स खात्यात ठेवावी लागली. सस्पेन्स खातं म्हणजे कशात घालावं ते कळत नाही म्हणून उंबऱ्यावर ठेवलेली वस्तू. कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलं होतं की सस्पेन्स खातं वर्षअखेरीस शून्य झालंच पाहिजे. इथे ते हजार कोटींचं होऊन छापील ताळेबंदात बसलं. अमेरिकन बाजाराला द्यायची पत्रकं वेळेत होईनात म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातूनही कंपनीला बाहेर पडावं लागलं.

तिसरा प्रकार आयएल अँड एफएसचा, वांद्रे-कुर्ला संकुलातली कंपनी. तिथे कंपनीला स्वतःहून चूक सुधारण्याची संधीच दिली गेली नाही. १ जानेवारी २०१९ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने, कंपनी कायद्याच्या कलम १३० खाली, आयएल अँड एफएस आणि तिच्या दोन उपकंपन्यांचे मागच्या वर्षांचे हिशेब पुन्हा उघडून नव्याने लिहायला सांगितले. माजी संचालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण ४ जून २०१९ ला तिथेही तोच आदेश कायम राहिला. सही झालेले हिशेब सरकारी अर्जावरून उघडायचे म्हणजे श्राद्ध घातलेल्या माणसाची पुन्हा नाडी बघण्यासारखं. पण बघावी लागते कधीकधी.

एवढं सगळं सांगायचं कारण आमच्या भोसरीच्या कंपनीतली गोष्ट. ती वर्तमानपत्रात आली नाही, येण्यासारखी नव्हतीच. नाव सांगणार नाही. दीडशे कोटींच्या आसपास उलाढाल, कास्टिंग घ्यायचे, मशीनिंग करून वाहन कंपन्यांना द्यायचे. आमची कंपनी तशी छोटी, पण मूळ कंपनीला इंड-एएस लागू झाल्यामुळे १ एप्रिल २०१७ पासून आम्हांलाही लागू झालं. मी सप्टेंबर २०१७ मध्ये रुजू झाले ती काकांच्या जागी. काका म्हणजे आमचे जुने मुख्य अकाउंटंट. ऑफिसात त्यांना कोणीच नावाने हाक मारत नसे, कामगार, स्टोअरचे लोक, संचालकांची मुलं, सगळ्यांचे काका. एकतीस वर्षं त्या एका कंपनीत काढलेली. २०१६-१७ चा ताळेबंद सभेत मंजूर करून घेतला आणि मग निवृत्त झाले. मला तीन आठवडे शेजारी बसवून सगळं समजावलं. खतावणी तोंडपाठ. तेरीज जुळली नाही तर जेवायचे नाहीत, अशी ख्याती.

इंड-एएसकडे जाताना मागच्या वर्षाच्या सुरुवातीचा, म्हणजे १ एप्रिल २०१६ चा ताळेबंद नव्या नियमांनी पुन्हा मांडावा लागतो. ते करताना फेब्रुवारी २०१८ मध्ये मी जुन्या मालसाठ्याचे तक्ते स्टोअरच्या नोंदींशी ताडून बघत होते. आमचा बराच माल मशीनिंगसाठी जॉबवर्करकडे जायचा आणि परत यायचा. काकांच्या एक्सेलच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘वाटेतला माल’. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जॉबवर्करने परत पाठवलेला माल त्यात घेतलेला असायचा, त्यांच्या चलनांवरून. अडचण अशी की तोच माल स्टोअरच्या शिलकेतही होता. एकच माल दोनदा.

खात्री करायला दोन आठवडे गेले. गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमधून आवक रजिस्टरं काढली. धूळ, झुरळं, आणि पानोपानी गाडी नंबर, चलन नंबर, वेळ. ट्रक आत आल्याची वेळ २९ मार्च, स्टोअरमध्ये नोंद २९ मार्च, आणि तक्त्यात ३१ मार्चला माल अजून वाटेतच. ३१ मार्च २०१६ ला साठा २ कोटी १० लाखांनी जास्त दाखवला होता, ३१ मार्च २०१७ ला २ कोटी ६० लाखांनी. म्हणजे २०१६-१७ चा नफा ५० लाखांनी फुगलेला, आणि बाकीचा भार त्याआधीच्या वर्षांचा. सत्यमच्या मानाने हे म्हणजे खिशातली चिल्लर. पण आमचा वर्षाचा नफाच चौदा कोटींच्या घरात होता.

आमचे फायनान्सचे साहेब शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “इंड-एएसमुळे एवीतेवी पंधरा-वीस फेरफार होणारच आहेत. डिपॉझिटचं डिस्काउंटिंग, डिफर्ड टॅक्स, काय काय. त्यातच हे दोन कोटी टाक. आकडा तोच येणार ना?”

आकडा तोच येणार होता, हे खरं. राखीव शिल्लक २ कोटी १० लाखांनी कमी, मागच्या वर्षाचा नफा ५० लाखांनी कमी. नव्या नियमांकडे जाताना झालेला फेरफार म्हणा किंवा चुकीची दुरुस्ती म्हणा, खालची बेरीज एकच. फरक फक्त नावाचा. आणि साहेबांचा मुद्दा अगदीच स्वार्थी होता असं मी म्हणणार नाही. आमचं कॅश क्रेडिट मालसाठ्यावर होतं. दर महिन्याला बँकेला साठ्याचं विवरण जायचं आणि त्यावरून किती उचल मिळणार ते ठरायचं. “चूक असा शब्द छापलास की बँकेचा माणूस काय समजेल?” ते म्हणाले. “की यांनी मार्चमध्ये माल फुगवून दाखवला. त्याला गेट रजिस्टर कोण समजावून सांगणार? दीडशे माणसांचे पगार त्या लिमिटवर निघतात.”

यावर माझ्याकडे तोंडी उत्तर नव्हतं, लेखी होतं. इंड-एएसकडे प्रथमच जाणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळं प्रमाणक आहे, १०१ क्रमांकाचं. ते लिहिणाऱ्यांना आमचे साहेब बहुधा आधीच दिसले असावेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की जुन्या पद्धतीतली चूक या वेळी सापडली तर ताळमेळाच्या तक्त्यात ती धोरणबदलापासून वेगळी काढून दाखवा. आणि प्रमाणक ८ तर आणखी पुढे जाऊन सांगतं की चूक किरकोळ असली, पण ठरावीक चित्र दिसावं म्हणून मुद्दाम ठेवली असली, तर ती पत्रकं प्रमाणकांनुसार आहेत असं म्हणताच येत नाही. दोन कोटी किरकोळ आहेत की नाहीत हा वाद घालता आला असता. पण माहीत असूनही दुसऱ्या नावाखाली ढकलले की मुद्दाम हा शब्द येतोच. लेखापरीक्षकांच्या भागीदारबाईंनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, “वेगळी ओळ आणि वेगळी टीप, नाहीतर माझ्या अहवालात मी लिहीन.” त्यावर साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मला मात्र बँकेपेक्षा काकांची काळजी होती. टीप छापून येणार, अहवाल त्यांच्याही घरी जाणार, कारण कंपनीने फार पूर्वी त्यांना शेअर दिले होते. एकतीस वर्षांच्या शेवटी त्यांनी जो ताळेबंद हातावेगळा केला, त्याच्याच डोक्यावर ‘रिस्टेटेड’. त्यांना ते टपालातून कळू नये एवढंच मला वाटत होतं. शिवाय तो रकाना का आला हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

एका रविवारी सहकारनगरला त्यांच्याकडे गेले. काकूंनी पोहे केले. मी तक्त्याच्या प्रती नेल्या होत्या, पण काढायला जमेना. शेवटी काकाच म्हणाले, “पिशवीत काय आणलंयस ते दाखव आधी, पोहे कुठे पळून जात नाहीत.”

त्यांनी चष्मा बदलला आणि कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट ठेवलं ते नेमकं त्या रकान्यावर.

“हा मीच घातलेला. तेव्हा स्टोअरचे लोक मार्चच्या मालाची नोंद एप्रिलच्या दहा-बारा तारखेला करायचे. हा रकाना नसता तर माल कमी दिसला असता. मग नवीन सॉफ्टवेअर आलं...”

“२०१२ मध्ये,” मी म्हटलं.

“हो. त्यात गाडी आली की त्याच दिवशी नोंद.” ते थांबले. “म्हणजे त्या वर्षीच हा काढायला हवा होता.”

एवढंच. सबब सांगितली नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना बोल लावला नाही, ऑडिटरने इतकी वर्षं काय पाहिलं असंही विचारलं नाही, जे मी स्वतः मनात शंभरदा विचारलं होतं. जो रकाना एके काळी बरोबर होता, गरजेचा होता, तो भोवतालचं बदलल्यावर चूक झाला, आणि तक्ता दर वर्षी कॉपी होत राहिला. प्रमाणकाच्या यादीत याला नजरचूक म्हणतात. माहिती होती का? होती, गेटच्या रजिस्टरमध्ये. मिळवता आली असती का? आली असती. म्हणजे चूकच.

“टीप लिहिलीस?” काकांनी विचारलं. मी मसुदा दिला. प्रमाणकाला काय हवं ते त्यात होतं. चुकीचं स्वरूप, प्रत्येक ओळीवर झालेला परिणाम, सुरुवातीच्या शिलकेतली दुरुस्ती. मी त्यांना सांगितलं, यात कोणाचं नाव येत नाही, हुद्दाही येत नाही. ते ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. त्यांनी मान हलवली आणि पेन मागितलं.

मी लिहिलं होतं, ‘प्रणालीतील त्रुटीमुळे काही मालाची दोनदा गणना झाली.’ त्यांनी पहिले दोन शब्द खोडले. आयुष्यभर वहीत खोडाखोड न करणाऱ्या माणसाने.

“प्रणाली बरोबरच होती. ती आली म्हणून तर रकाना चुकला. मालसाठा संकलित करताना दोनदा गणना झाली, एवढंच लिही. नाहीतर वाचणारा सॉफ्टवेअर तपासत बसेल आणि तक्ता तसाच राहील.”

मी ते दोन शब्द का घातले होते हे त्यांना कळलं होतं, आणि कळलं आहे हे त्यांनी मला जाणवू दिलं नाही. पोहे गार झाले होते. काकूंनी परत गरम करून दिले.

परत येताना मित्रमंडळच्या चौकात सिग्नलला थांबले होते तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. जुनंच मानक लागू असतं तर काय झालं असतं? अडीच कोटींहून जास्त रक्कम मी रुजू झाले त्या वर्षाच्या नफ्यातून गेली असती. कारखान्यातल्या लोकांनी ज्या वर्षी जीव तोडून काम केलं ते वर्ष कागदावर वाईट दिसलं असतं, आणि २०१६-१७ मात्र कायम ५० लाखांनी देखणं राहिलं असतं. रिस्टेटेड हा शब्द दिसायला कठोर आहे, पण तो ज्याचं त्या वर्षाला परत देतो. जुना अहवाल मात्र कोणी बदलत नाही. तो कपाटात आणि सरकारी संकेतस्थळावर होता तसाच राहतो, सह्यांसकट. बदलतो तो नव्या अहवालातला मागच्या वर्षाचा रकाना. हिशेबाच्या वहीत खोडायचं नाही, उलट नोंद करायची, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवलेलं तत्त्वच इथे मोठ्या आकारात आहे.

बाकी मग कागदोपत्री पार पडलं. २०१८ च्या जूनमध्ये संचालक मंडळासमोर तीन ताळेबंद शेजारी शेजारी ठेवले, ३१ मार्च २०१८, ३१ मार्च २०१७ आणि १ एप्रिल २०१६. एका वयस्क संचालकांनी विचारलं, “हा तिसरा कशाला?” साहेबांनीच समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. बँकेचे अधिकारी आले, दोन्ही वर्षांची मार्चची विवरणं घेऊन बसले आणि उचल किती मिळायला हवी होती ते पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा आमची प्रत्यक्ष उचल त्याच्या आतच होती. त्यांनी एक पत्र मागितलं, गेट रजिस्टरच्या झेरॉक्स मागितल्या, आणि पुढच्या वर्षापासून मार्चअखेरच्या साठ्याची मोजणी स्वतंत्र फर्मकडून करून घ्या अशी अट घातली. त्या मोजणीचा खर्च साहेबांनी मला बरेच महिने ऐकवला. फुगलेल्या साठ्यावर जुन्या वर्षांत जादा भरलेल्या प्राप्तिकराचा प्रश्न मात्र चिघळला. हिशेबाच्या प्रमाणकाला मागे जाता येतं, विवरणपत्राला मुदत असते, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता या प्रमाणकाचं नावही बदलतंय. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी आयएफआरएस १८ येतंय आणि त्याबरोबर आयएएस ८ चं शीर्षक बदलणार आहे. आत्तापर्यंत शीर्षकात चुका हा शब्द ढळढळीत होता, नव्या शीर्षकात तो नसेल. नियम आत आहेत तसेच राहतील.

आणि एक राहिलं. पुढच्या वर्षी, २०१८-१९ चा अहवाल तयार करताना, माझ्या हाताखालच्या मुलाने मागच्या वर्षाची ती टीप सवयीने पुन्हा चिकटवली होती. मी ती काढायला सांगितली. प्रमाणकात शेवटी एक छोटं वाक्य आहे, की पुढच्या वर्षांच्या पत्रकांत हा खुलासा पुन्हा द्यायची गरज नाही. हे मी काकांना फोनवर सांगितलं. “असं म्हणतं होय ते?” म्हणाले, आणि मग जावयाचा टीडीएस जास्त कापला गेलाय त्याचं काय करायचं ते विचारायला लागले.